शेतकरी कंपनीच्या साइटवर ३२ व्हिडिओ टाकायचेत: यूट्यूब, विकतची सेवा की स्वतःचं होस्टिंग?

वरूड_वेब

नमस्कार मंडळी. वरूड भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साइट करतेय. संत्रा बागेवरचे ३२ व्हिडिओ आहेत: आंबिया आणि मृग बहार धरणं, ताण, छाटणी, डिंक्यावर बोर्डो पेस्ट, फळगळ, प्रतवारी. सरासरी ८ मिनिटांचा एक, म्हणजे एकूण २५६ मिनिटं. फोनवर १०८०पीमध्ये काढलेत, एकेक फाइल १ जीबीच्या घरात.

त्यातले २० सर्वांसाठी खुले आणि १२ फक्त सभासदांसाठी ठेवायचेत. सभासद सहाशे. बहुतेकांकडे स्वस्तातले अँड्रॉइड फोन, आणि शेतात नेटवर्कची एखादी कांडी. कंपनी महिन्याला हजार रुपयांपर्यंत खर्च करेल.

दोन अडचणी वेगळ्या. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, डिझाइनसाठी फिग्मा उघडलं की बाकी सगळं थांबतं. आणि माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आलाय, साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सध्या काय वापरावं?


अमरावती_स्टॅक

ताई, सेवा कोणती हे शेवटी ठरवा. आधी फाइली बारीक करा, कारण कमजोर नेटवर्कवर व्हिडिओ अडकतो तो बहुतेक वेळा फाइलीमुळे, सर्व्हरमुळे नाही.

हँडब्रेक हा व्हिडिओ बारीक करणारा प्रोग्रॅम फुकट आहे आणि ४ जीबीच्या लॅपटॉपवर चालतं, फक्त सावकाश. सेटिंग अशी ठेवा: एमपी४, एच.२६४ (एक्स२६४), आकार ८५४ × ४८०, क्वालिटी आरएफ २४, प्रोफाइल मेन, लेव्हल ३.१. फ्रेमरेट मूळ ३० असेल तर ३०च, आणि 'कॉन्स्टंट' निवडा. फोन फ्रेमरेट कमीजास्त करत चित्रण करतो, त्यामुळे एडिटरमध्ये नेल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. ३० चे २५ करायला जाऊ नका, फ्रेमा गळतात आणि चालणारा माणूस झटके देत चालतो. आवाज एएसी, मोनो, ६४ किलोबिट. एकट्या माणसाच्या बोलण्याला स्टिरिओ कशाला?

'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकटीवर खूण करायला विसरू नका. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका एरवी फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. ब्राउझरला ती मिळाल्याशिवाय व्हिडिओ सुरूच करता येत नाही, म्हणून काही फोनवर चक्र फिरत राहतं. ही खूण केली की अनुक्रमणिका सुरुवातीला येते. एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचा व्हिडिओ प्रोग्रॅम) वापरत असाल तर तिथे याच गोष्टीला फास्टस्टार्ट म्हणतात. स्क्रीन रेकॉर्डिंगचे व्हिडिओ असतील तर एफएफएमपेगमध्ये पिक्सेल फॉरमॅटही (रंग साठवण्याची पद्धत) वाययूव्ही४२०पी द्या, वाययूव्ही४४४ चा व्हिडिओ कित्येक फोनवर काळाच दिसतो.

संत्र्याच्या बागेची एक खास भानगड आहे. वाऱ्यानं हलणारी पानं म्हणजे एन्कोडरची सत्त्वपरीक्षा, दर फ्रेमला सगळंच बदलतं. खोलीत बसून बोलणाऱ्याला आरएफ २४ वर जेवढा डेटा लागतो त्याच्या कितीतरी पट बागेच्या दृश्याला लागतो. म्हणून वरची मर्यादा बांधा. ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये व्हीबीव्ही-मॅक्सरेट ९०० आणि व्हीबीव्ही-बफसाइझ १८००. पानं थोडी मऊ दिसतील, दिसू द्या.

सरासरी ७०० किलोबिट चित्र आणि ६४ आवाज धरला तर मिनिटाला ५.७ एमबी, ८ मिनिटांचा व्हिडिओ ४६ एमबी. दुसरी प्रत २४०पीची करा, २५० अधिक ४८ किलोबिट: मिनिटाला २.२ एमबी, पूर्ण व्हिडिओ १८ एमबी. सगळं रांगेत लावून रात्री सोडा. मधे लाइट गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर त्या वेळी चालू असलेली अर्धवट फाइल खोडून पुन्हा करा, ती पुढे जोडली जात नाही.

एच.२६५ किंवा एव्ही१ नं फाइल आणखी लहान होते हे खरं. पण स्वस्त फोनमध्ये एव्ही१ साठी वेगळी चिप नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. तुमच्या प्रेक्षकांसाठी एच.२६४च.


चिखली_सर्व्हर

आता विकतच्या दोन व्हिडिओ सेवांचा हिशोब. सहाशे सभासदांनी महिन्यात प्रत्येकी ६० मिनिटं पाहिलं असं धरू, म्हणजे ३६,००० मिनिटं.

क्लाउडफ्लेअर स्ट्रीम: साठवणीला १,००० मिनिटांमागे ५ डॉलर, दाखवण्याला १,००० मिनिटांमागे १ डॉलर. तुमचे ५ + ३६ = ४१ डॉलर. बजेटमध्ये बसत नाही. शिवाय फोननं पुढचं भरून ठेवलं आणि माणसानं पाहिलं नाही तरी ती मिनिटं मोजली जातात.

बनी स्ट्रीम: इथे मिनिटं नाही, जीबी मोजतात. आशियासाठी दर ०.०३ डॉलर प्रति जीबी, एन्कोडिंगचे पैसे नाहीत. मिनिटाला ५.७ एमबी गेली असं धरलं तर ३६,००० मिनिटं म्हणजे २०५ जीबी, जवळपास ६ डॉलर १५ सेंट. साठवण काही सेंटांत. दर पाहून घ्या, बदलत असतात.

फरक लक्षात आला का? मिनिटावर मोजणाऱ्या सेवेत तुम्ही फाइल कितीही बारीक केली तरी बिल तेवढंच. जीबीवर मोजणाऱ्या सेवेत पाहणाऱ्यापर्यंत जितका कमी डेटा जातो तितकं बिल कमी. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ४८०पी पुरतं, त्यामुळे जीबीवालीच परवडते. बनीमध्ये एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये ७२०पी आणि १०८०पी आधीच बंद करा आणि मगच अपलोड करा, नंतर बंद केलं तर आधीच्या व्हिडिओंना लागू होत नाही.

तिसरा मार्ग क्लाउडफ्लेअर आर२. ही नुसती साठवण आहे, प्लेअर तुमचा. महिन्याला १० जीबीपर्यंत फुकट आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसेच नाहीत. तुमच्या दोन्ही प्रती मिळून ३२ × ६४ एमबी, म्हणजे २ जीबी. बिल शून्य. मात्र त्यांनी दिलेला चाचणीचा पत्ता साइटवर लावू नका, त्यावर वेगमर्यादा आहे, स्वतःचं डोमेन जोडा.

गिटहब पेजेस या फुकट होस्टिंगवर व्हिडिओ ठेवायचा विचार असेल तर सोडा. साइटची मर्यादा १ जीबी, एका फाइलीची १०० एमबी. क्लाउडफ्लेअर पेजेसवर एक फाइल २५ एमबीच्या आतच हवी, ४६ एमबीची चढणारच नाही. एचटीएमएल आणि चित्रं तिथे, व्हिडिओ आर२ वर, अशी वाटणी करा.

पैसे भरण्याचं एक सांगतो. नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. आणि दर महिन्याची परदेशी वजावट नीट नोंदवलेली नसेल तर नाकारली जाते. बनीमध्ये आधी बॅलन्स भरून ठेवता येतो, तो प्रकार कंपनीच्या हिशोबनिसाला सोपा पडतो.


धामणगाव_डेव्ह

एवढं कशाला राजेहो? खुले २० व्हिडिओ यूट्यूबवर टाका. १४४पीपर्यंतच्या प्रती तेच करतात, नेटवर्कप्रमाणे खालीवर तेच करतात, आणि शेतकरी शोधायला तिथेच जातो.

फक्त एम्बेड (यूट्यूबचा प्लेअर आपल्या पानात बसवायचा कोड) सरळ चिकटवू नका. यूट्यूबच्या एका चौकटीमागे शेकडो केबीचं जावास्क्रिप्ट येतं, पाहणाऱ्यानं व्हिडिओ सुरू केला नाही तरी. एका पानावर सहा चौकटी म्हणजे सहा वेळा तेच ओझं. 'लाइट यूट्यूब एम्बेड' नावाचा छोटा घटक आहे, पॉल आयरिश यांचा, मुक्त स्रोत. तो आधी फक्त चित्र दाखवतो, टॅप केल्यावर खरा प्लेअर आणतो. तोटा एवढाच की काही फोनवर दोनदा टॅप करावं लागतं. घटक नको असेल तर निदान आयफ्रेमला लोडिंग 'लेझी' द्या.

शेवटी दिसणारे 'रिलेटेड' म्हणजे सुचवलेले व्हिडिओ बंद करण्याचा जुना पॅरामीटर २०१८ पासून पूर्वीसारखा चालत नाही. तो शून्य केला तर आता शेवटी त्याच चॅनेलचे व्हिडिओ दिसतात, बंद होत नाहीत. कोडमधून क्वालिटी ठरवणंही आता लागू होत नाही, प्लेअरच्या आकारावर आणि नेटवर्कवर ते ठरतं.


चिखली_सर्व्हर

खुल्यांसाठी यूट्यूबला माझी हरकत नाही, एक सोडून. चॅनेलला कमाई सुरू नसली तरी यूट्यूब जाहिरात दाखवू शकतं, हे २०२० पासून आहे. डिंक्यावरच्या व्हिडिओआधी कुणाच्या तरी औषधाची जाहिरात लागली तर सभासद ती कंपनीचीच शिफारस समजणार. हे संचालकांना आधी सांगा आणि मग ठरवा.

सभासदांच्या १२ साठी मात्र यूट्यूबचं 'अनलिस्टेड' वापरू नका. ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो, आणि लिंक व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात तिवस्यापर्यंत पोहोचते. 'प्रायव्हेट' एम्बेड होत नाही.

त्या १२ साठी आर२ ची खाजगी बकेट (फाइली ठेवायचा कप्पा) करा आणि सही केलेली तात्पुरती लिंक द्या. सभासदानं लॉगिन केलं की सर्व्हर चार तासांची लिंक तयार करतो, जास्तीत जास्त ७ दिवसांची करता येते. एस३ (ॲमेझॉनची साठवण सेवा) साठीची नेहमीची लायब्ररीच चालते, रीजन 'ऑटो' द्यायचा. ही लिंक आर२ च्या एस३-पद्धतीच्या पत्त्यावरच चालते, स्वतःच्या डोमेनवर नाही, तिथे बरेच जण तासन्‌तास डोकं फोडतात.

व्हिडिओ पीएचपी स्क्रिप्टमधून वाचून पाठवायचा मोह टाळा. आयफोनचं सफारी फाइलीचे तुकडे मागतं, साध्या स्क्रिप्टला ते देता येत नाहीत, आणि व्हिडिओ सुरूच होत नाही.

कुणी डाउनलोड करून पुढे पाठवलं तर ते कोणतीच सेवा थांबवणार नाही.


वरूड_वेब

मग एचएलएस लागेल का? सगळीकडे तेच करा म्हणून लिहिलंय.


अमरावती_स्टॅक

८ मिनिटांच्या व्हिडिओला लागेलच असं नाही. एचएलएस म्हणजे व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे आणि त्यांची यादी, ॲपलनं २००९ मध्ये आणलेली पद्धत. नेटवर्क पडलं की प्लेअर पुढचा तुकडा खालच्या प्रतीचा उचलतो, हा त्याचा खरा फायदा. पण सही केलेली लिंक एका एमपी४ ला एकच पुरते, एचएलएसमध्ये प्रत्येक तुकड्याला परवानगी लागते. ती क्लाउडफ्लेअर वर्करमधून (त्यांच्या सर्व्हरवर चालणारा आपला छोटा कोड) द्यावी लागते. दिवसाला १ लाख विनंत्या फुकट आहेत, तुमच्या ३६,००० मिनिटांच्या महिन्याला ३ लाख ६० हजारच होतात, म्हणजे बसेल. प्रश्न देखभालीचा आहे. उद्या तुम्ही नसलात तर ते कोण सांभाळणार?

तुमच्याकडे मी दोन बटणं देईन: 'कमी डेटा, १८ एमबी' आणि 'स्पष्ट, ४६ एमबी'. आकडा बटणावरच लिहा, लोक पॅक पाहून ठरवतात. खाली 'उतरवून घ्या' ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी वरूडात चांगल्या नेटवर्कवर उतरवायचं आणि बागेत पाहायचं, हे कुठल्याही स्ट्रीमिंगपेक्षा चांगलं चालेल. व्हिडिओ टॅगला प्रीलोड 'नन' आणि पोस्टर चित्र द्या, म्हणजे पान उघडताना व्हिडिओचा एकही तुकडा उतरत नाही.

२४०पीमध्ये पाटीवर लिहिलेलं प्रमाण वाचता येत नाही. प्रत्येक व्हिडिओखाली ते मजकुरातच द्या, जसं बोर्डो पेस्टचं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. शोधातही तोच मजकूर सापडतो.

तरीही एचएलएस करायचंच तर दर २ सेकंदांना की-फ्रेम (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) ठेवा, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दर ६० फ्रेमांना एक. दृश्य बदललं की आपोआप की-फ्रेम टाकण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन प्रतींचे तुकडे जुळत नाहीत आणि बदलताना चित्र उडी मारतं. मुख्य यादीत २४०पी वर लिहा, बहुतेक प्लेअर पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. ज्या ब्राउझरला एचएलएस थेट चालत नाही त्यासाठी एचएलएस.जेएस ही लायब्ररी लागेल, आणि बकेटवर सीओआरएस (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइल वाचू देण्याची परवानगी) उघडलं नाही तर कन्सोलमध्ये लाल ओळी आणि पडद्यावर काळोख.


पांढरकवडा_पिक्सेल

डिझाइनचं कुणी बोललंच नाही.

४ जीबीवर फिग्मा अडतं ते बहुतेक मोठ्या फाइलीमुळे. पानं वेगळ्या फाइलींत तोडा, फोटो टाकण्याआधी स्क्वूश या फोटो बारीक करणाऱ्या साइटवर १,२०० पिक्सेल रुंदीचे वेबपी करा. फोनचा ४ एमबीचा मूळ फोटो फिग्मात टाकला तर तो मेमरीत पूर्ण उलगडतो. फुकट योजनेत टीम प्रोजेक्टमध्ये तीनच डिझाइन फाइली मिळतात, पण ड्राफ्टवर बंधन नाही.

फिग्माऐवजी पेनपॉट पाहा. मुक्त स्रोत, ब्राउझरमध्ये चालतं, आकृत्या एसव्हीजीतच ठेवतं, आणि त्याचे फ्लेक्स आणि ग्रिड लेआउट सीएसएससारखेच वागतात. जो स्वतः कोड लिहिणार आहे त्याला ते जवळचं वाटतं. फोटोशॉपची पीएसडी फाइल आली तर फोटोपी ही साइट. एकदा उघडलं की सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फाइल कुठे चढत नाही, नेट गेलं तरी चालतं. लाइट-नेट दोन्हीचा भरवसा नसेल तर इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम बसवून ठेवा. खरं तर सहा पानांच्या साइटला मोठं मॉकअप करूच नये. रंग, दोन फॉन्ट आकार, एक कार्ड एवढं ठरवा आणि थेट ब्राउझरमध्ये रचा.

डीटीपीवाल्याचा मजकूर युनिकोड नाही. कृतिदेव, श्रीलिपी या जुन्या पद्धतीत 'क' च्या जागी एखादं इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतं, फॉन्ट फक्त वरचं रूप बदलतो. साइटवर तो फॉन्ट नाही म्हणून खिचडी. आधी त्याला नेमका फॉन्ट विचारा, कारण प्रत्येकाचा तक्ता वेगळा, चुकीच्या कन्व्हर्टरनं अर्धंच बरोबर येतं. मग युनिकोडमध्ये बदला आणि डोळ्यांनी वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्ह, ऱ्य हमखास चुकतात.

फॉन्टसाठी मजकुराला फोनचाच फॉन्ट राहू द्या. अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी नोटो सान्स देवनागरी आधीच असतो, उतरवायला शून्य बाइट. शीर्षकाला मुक्ता किंवा बालू २, दोन्ही एक टाइपचे, फुकट. दोनच वजनं घ्या, वॉफ२ फाइल स्वतःच्या साइटवर ठेवा, फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप'. पानाची भाषा 'एमआर' लिहा, काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. ओळीची उंची १.६ ते १.७, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. आणि लेटर-स्पेसिंग देवनागरीला कधीही देऊ नका, शिरोरेषा तुटते. तयार थीममध्ये बटणांना ते आधीच दिलेलं असतं, शोधून शून्य करा.


वरूड_वेब

खूप मदत झाली. यूट्यूबची चाचणी केली तर चौकटीत 'त्रुटी १५३' येतेय. आणि पुढच्या वर्षी स्क्रीन रेकॉर्डिंगचे व्हिडिओही करायचेत, मराठी सबटायटलसकट.


धामणगाव_डेव्ह

एचटीएमएल फाइल डबल क्लिक करून उघडली असेल. तशी उघडली की यूट्यूबला मागणी कुठून आली ते कळत नाही. व्हीएस कोडमधून लाइव्ह सर्व्हरवर चालवा. साइटवर चढवल्यावरही आली तर रेफरर पॉलिसी 'नो-रेफरर' लावलेली आहे का पाहा, ती 'स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन' करा.

तपासणी करताना घरच्या वायफायवर विश्वास ठेवू नका. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क 'स्लो ४जी' आणि मग '३जी' करून पाहा. क्रोममधलं लाइटहाउस हे वेग तपासायचं साधन मोबाइलसाठी १.६ मेगाबिट धरतं, बांधावरचा वेग त्याहून कमी असू शकतो.


चिखली_सर्व्हर

स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस हा प्रोग्रॅम. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, एमपी४ नको. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मधेच लाइट गेली की पूर्ण फाइल बाद. एमकेव्ही गेलेल्या क्षणापर्यंत वाचते, आणि ओबीएसच्याच 'रीमक्स' मधून मिनिटभरात एमपी४ होते. ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ आलंय, तेही चालेल.

अपलोड तुटत असेल तर टीयूएस नावाची पद्धत शोधा, बनी आणि क्लाउडफ्लेअर स्ट्रीम दोन्हीकडे आहे. फाइल तुकड्यांनी जाते आणि तुटली तिथून पुढे सुरू होते. क्लाउडफ्लेअरला २०० एमबीच्या वर तीच लागते, तिथे तुकडा किमान ५ एमबीचा. आपल्या नेटवर्कवर किमानच ठेवा, मोठा तुकडा तुटला की पूर्ण परत जातो. आर२ वर फाइली चढवायला आरक्लोन.


पांढरकवडा_पिक्सेल

सबटायटल चित्रात कोरू नका, वेगळी व्हीटीटी फाइल (वेळ आणि मजकूर लिहिलेली साधी फाइल) द्या, म्हणजे २४०पीमध्येही अक्षरं स्पष्ट राहतात आणि चूक सापडली तर एन्कोडिंग पुन्हा करावं लागत नाही. सबटायटल एडिट या फुकट प्रोग्रॅममध्ये बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं व्हिस्पर जोडता येतं. भाषा मराठी म्हणून हातानं निवडा, आपोआप ओळखायला दिली तर कधी हिंदी समजून बसतं. बोलणारा 'मले', 'तुले', 'काहून' म्हणत असेल तर एकेक ओळ तपासावीच लागेल.

एसआरटी या दुसऱ्या सबटायटल प्रकाराची व्हीटीटी करताना सेकंदांनंतरचा स्वल्पविराम बदलून टिंब करा, पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवा, फाइल यूटीएफ-८. वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा, मराठी आकडे टाकले तर ती ओळ दिसतच नाही आणि त्रुटीही येत नाही. व्हीटीटी फाइल आर२ वर नाही तर साइटच्याच डोमेनवर ठेवा. बाहेर ठेवली तर व्हिडिओ टॅगला क्रॉसओरिजिन लिहावं लागतं, आणि मग सीओआरएस नसेल तर सबटायटलसोबत व्हिडिओही बंद पडतो.

चित्रात शीर्षक कोरायचंच असेल तर प्रीमिअर या व्हिडिओ एडिटरमध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्स इथे दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडा. तो नसला की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात.